बंदुकीचं सुटं तोंड

चांगल्या मालाला नावं कशी ठेवावीत, हे मला कुणी शिकवलेलं नाही. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात रिकाम्या खिशाने आलो आणि आज स्वतःचं किराणा दुकान आहे, ते याच विद्येवर! म्हणूनच दोन हजार चार साली माझ्यावर झालेला अन्याय आठवला की अजून डोकं तापतं.

बायकोच्या भाचीचं लग्न नागपूरला होतं आणि आमच्याकडे पैसे एकाच तिकिटाचे. निर्मला म्हणाली, "मी एकटी जाऊन येते."

"छे! दे ते पैसे. एकाची दोन तिकिटं करून दाखवतो!"

(असं वाक्य ऐकलं की बायकोने पर्स घट्ट धरावी. तिने धरली होती. मी सोडवली.)

शनिवारी गावाबाहेर एक म्हातारी घरातलं जुनं सामान विकत होती. त्यात एक बंदूक! दीडशे वर्षांपूर्वीची, नेमबाजीच्या शर्यतीतली. गोळी तोंडातून ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार! नळी अष्टकोनी, पहारेसारखी जड. पाहताच जीव जडला, म्हणून लगेच नाक मुरडलं.

"मॅडम, नळी गंजलीय."

"तो जुनेपणाचा रंग आहे."

"दस्त्याला चीर आहे. चाप ढिला आहे. आणि हे काय? नळीचं टोक हातात आलं!"

खरंच आलं. दोन बोटं लांबीचा लोखंडी तुकडा.

"ते निघतंच," म्हातारी म्हणाली. "माझा नवरा फार जपायचा त्याला."

"मोडका माल! हा तुकडा ठेवा तुमच्याकडेच, आणि वीस डॉलर कमी करा."

"अहो, देतायत तर घ्या ना!" निर्मला मागून कुजबुजली.

"तू थांब गं, भाव चाललाय!"

म्हातारीने दोनदा विचारलं, "नक्की नको?" मी दोन्ही वेळा नक्की नको म्हणालो. वीस डॉलर कमी झाले. गाडीत मी शीळ घालत होतो!

सोमवारी आम्ही जुन्या हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंग लावलं, नळीत दिवा सोडला. "वा! आतल्या चऱ्या नव्यासारख्या. रंगाला कुणी हात लावलेला नाही. चाप असाच हलका हवा."

मी निर्मलाकडे विजयी नजर टाकली. मग त्याने नळीचं तोंड पाहिलं. तिथे चार बारीक भोकं होती.

"इथे बसणारा तुकडा कुठे आहे? गोळी ठासताना नळीची कड झिजू नये म्हणून असतो. दुसऱ्या बंदुकीचा चालत नाही. तो नसेल, तर किंमत निम्मी!"

"त्या बाईने सांगायला नको?" मी ओरडलो.

"दोनदा विचारलं त्यांनी," निर्मला म्हणाली.

दुकानदाराने शांतपणे खण उघडला आणि तोच तुकडा काढला! आदल्याच दिवशी त्याने तो म्हातारीकडून घेतला होता. त्याने तो नळीवर टेकवला. खट्! चपखल बसला.

"मला विका तो!"

"विकायचा नाही. बंदूक द्यायची असेल तर बोला. पण नळी गंजलीय हं."

"तो जुनेपणाचा रंग आहे!"

"दस्त्याला चीर आहे. शिवाय तोंडच नाही."

इतका निर्लज्ज भाव मी स्वतः सोडून कुणाला करताना पाहिलेलं नाही! दोन तास घसा फोडला. मिळाले तेवढेच, जेवढे म्हातारीला दिले होते. तिकीट एकच निघालं.

लग्नात जो तो निर्मलाला विचारत होता, "जावईबापू नाही आले?"

"नाही ना," ती शांतपणे सांगायची. "ते अजून भाव करतायत."

(आणि संताप याचा, की मी खरोखरच त्या दुकानात तीच बंदूक परत घ्यायला भाव करत होतो!)