स्वयंपाकघरापर्यंतची माणसं

आयर्लंडमधली सगळी लहान मुलं माझ्या थोरल्या नणंदेच्या हवाली केली, तर हा देश आठवड्याभरात शिस्तीला लागेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्यातून माझी मुलगी तेवढी मला परत मिळावी. लिमरिकमध्ये राहून, रोज तिची वेणी घालून, डबा भरून, पोहायला नेऊन-आणून मला जे जमलं नाही, ते ताईंनी गॉलवेहून एकाआड एक शनिवारी येऊन जमवलं आहे. आत्यानं सांगितलं की लगेच झालंच. मी सांगितलं की, "इन अ मिनिट, मॅम." (मॅम म्हणजे मॅडम नव्हे, इथली मुलं आईला मॅम म्हणतात.)

ताई हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्यांच्या कारखान्यात काम करतात. तिथे म्हणे कुणीही उठून कुठेही जाऊ शकत नाही. पहिल्या दारापर्यंत रोजचे कपडे चालतात, पुढच्या दाराआधी टोपी नि बुटांवर पिशव्या, आणि सगळ्यात आतल्या खोलीत मोजकीच माणसं, तीही डोळे तेवढे उघडे ठेवून. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काढल्यावर माणूस घरी तरी साधंसुधं वागेल ही अपेक्षाच चूक. त्यांच्या घरी पाहुण्यांच्या चपला वेगळ्या, टॉवेल वेगळे, आणि प्रेसमधले (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो) मसाल्याचे डबे कवायतीला उभे असल्यासारखे. माझ्या प्रेसला मात्र त्या हात लावत नाहीत. नुसत्या बघतात. ते बघणं हात लावण्यापेक्षा वाईट असतं.

ताईंच्या मते आपण मराठी लोक मुलांच्या डोक्यात एक मोठा घोळ घालून ठेवतो. दिसेल त्याला काका आणि भेटेल तिला मावशी. दुकानाच्या रांगेत मागे उभा असलेला, पुण्याचा निघाला म्हणून काका, आणि सख्खा काकाही काकाच. "मग पोरीनं ओळखायचं कसं गं, कुणाला नुसता नमस्कार करायचा आणि कुणाच्या गाडीत बसायचं?" असं म्हणून त्यांनी आमच्याच घरात शिकवणी सुरू केली. पोस्टमन फाटकापर्यंत. समोरच्या घरातली आजी दारापर्यंत. शाळेतल्या मैत्रिणी बैठकीच्या खोलीत. आणि स्वयंपाकघरात फक्त ती माणसं, ज्यांच्यासमोर रडलं तरी चालतं. "पण किचनमधलं माणूससुद्धा तुला नको असताना जवळ घ्यायला लागलं, तर नाही म्हणायचं. त्यात मीही आले." हेच सगळं मी वाचनालयातून सचित्र पुस्तक आणून समजावलं होतं, तेव्हा लेक जांभया देत होती.

या शिकवणीची परीक्षा गणपतीत झाली. भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची आरती आटपली आणि माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक वजनदार गृहस्थ हात पसरून पुढे आले. मी आपल्या रीतीप्रमाणे म्हटलं, "जा गं, काकांना पापी दे." लेकीनं दोन्ही हात जोडून व्यवस्थित नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "बट मॅम, ही'ज ओन्ली अ गेट पर्सन!" गृहस्थ इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड" करत हसले, मी मोदकाकडे बघत राहिले. मग बायका जमल्या. "किती छान! कुणी शिकवलं?" "आत्यानं," लेक म्हणाली. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो निव्वळ मत्सर.

पण खरी जळले ती एका रविवारी. बरेच दिवस लेक गप्प गप्प होती. विचारलं की "नथिंग". त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घेऊन जिना चढताना तिच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. ती ताईंना फोनवर सांगत होती की तिच्या जिवलग मैत्रिणीनं तिचं गुपित वर्गभर केलं आहे आणि आता कुणी शेजारी बसत नाही. मी घरात असताना हे गॉलवेला कळत होतं!

"आईला सांगितलंस?" स्पीकरवर ताईंचा आवाज आला.

"नो. शी'ल गेट अपसेट."

"होऊ दे. किचनमध्ये सगळ्यात आधी कोण आहे?"

नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी फोन ठेवते. खाली जा, आईला सांग. मग हवं तर मला."

आणि ठेवलाही. दार उघडून लेक बाहेर आली तर जिन्यातच मी. तिनं माझ्या हातातल्या कपड्यांतच तोंड खुपसलं. इस्त्री केलेलं सगळं भिजलं आणि मला कधी नव्हे ते चाललं.

पुढच्या शनिवारी ताई आल्या तेव्हा लेकीनं त्यांना सहज विचारलं, "हू'ज इन युअर किचन, आत्या?"

ताई चष्मा पुसत होत्या. पुसून झालेली काच त्यांनी पुन्हा पुसली. मग हसून म्हणाल्या, "माझं किचन लहान आहे गं."

गॉलवेत त्या एकट्या राहतात. आणि इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबून "येऊ का?" असं विचारतात. मी ती कारखान्याची सवय समजत होते आणि शेगडीकडून मान न वळवता "या ना" म्हणत होते. त्या दिवशी संध्याकाळी त्या तशाच दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी वळले, कोथिंबिरीची जुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ताई, आता विचारायचं नाही." त्या आत आल्या, टेबलाशी बसल्या. लेक धावत येऊन त्यांनाच चिकटून बसली, मला नाही. पोटात दुखलं थोडं, खोटं कशाला बोलू?

परवा ताई पुन्हा आल्या. सवयीनं दारात थांबल्या. मग काही न विचारता आत शिरल्या, सरळ माझं प्रेस उघडलं आणि डबे लावायला घेतले. तेव्हापासून मला माझीच मोहरी सापडत नाही. शोधते आहे, पण ताईंनी लावलेले डबे मी हलवलेले नाहीत.