स्टँड नसलेली सायकल

जोमातात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लिफ्टमध्ये, एका सायकलला मिठी मारून उभे असलेले. लिफ्ट लहान, सायकल मोठी, म्हणून त्यांनी ती मागच्या चाकावर उभी केली होती. पुढचं चाक छताला टेकलेलं, डोक्यावर हेल्मेट, अंगात पांढरा सदरा, पायात रबरी चपला, आणि सदुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होता. मला कॉलेजला उशीर झाला होता, त्यामुळे मी तोंड वाकडं करूनच आत शिरले. "ये बाय, ये," ते म्हणाले. "जरा तिकरं सरक, साडीला टायर लागंल. चावत नाय ती."

नऊ मजले उतरेपर्यंत मला सगळं कळलं होतं. ते जोमा घरत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या निलेशचे वडील. खारघर हे नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे खारघरकर. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं हेही त्यांनी सांगून टाकलं, तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं. आणि ही सायकल इलेक्ट्रिक होती, डोंगर चढायची, चारच दिवसांपूर्वी घेतलेली.

त्यानंतर मला रोज सकाळी दारात सायकलचा अहवाल मिळू लागला. मी गणित शिकवते. रविवारी साधी सायकल घेऊन डोंगराच्या रस्त्याला जाते, एवढ्या भांडवलावर तात्यांनी मला या विषयातली जाणकार ठरवलं होतं. सीट अरुंद आहे, बसायला बेताचंच बूड पाहिजे. पुढचा दांडा खड्ड्यात गुडघ्यासारखा वाकतो, "माज्यापेक्षा हिचे गुडघे बरे." ब्रेकला नुसतं बोट लावलं की थांबते, "निलेशच्या आयशीनं पन जन्मात माजा येवरा आयकला नाय." मोटार चालते तेव्हा झोपलेल्या म्हशीसारखी घोरते. मडगार्ड नाहीत, घंटी नाही, बास्केट नाही. दुकानदाराने सांगितलं की असल्या सायकलींना ते नसतंच. तात्यांनी जुन्या सायकलीचं सगळं काढून हिला बसवलं. त्या महागड्या काळ्या सायकलीवर ती गंजकी बास्केट बघून बिल्डिंगमधली पोरं हसायची.

एका गोष्टीने मात्र ते खरोखर चक्रावले होते. सायकलला स्टँड नव्हतं. "येवरी मोठी सायकल न् उभी राहात नाय! कुनीतरी धरून ठेवाची कायम." स्टँड बसवायला सायकलला जागाच नव्हती. तेव्हापासून तात्या भेटले की गप्पा संपेपर्यंत एक हँडल माझ्या हातात असायचं.

या वयात ही सायकल कशाला, हे मला त्यांच्या बाल्कनीत कळलं. तिथे रंगाच्या रिकाम्या अकरा बादल्या होत्या, चिखलाने भरलेल्या. नव्याची पुनव आली की घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने नव्या भाताच्या लोंब्या डोंगरावरच्या आईला नेऊन वाहायच्या, आणि त्याही आपल्या पायांनी चढून. आई म्हणजे वरच्या पाड्यापलीकडे झाडाखाली ठेवलेला शेंदूर लावलेला दगड. शेत गेलं तरी तात्यांनी नेम सोडला नव्हता. विकतच्या लोंब्या आईला चालत नाहीत, म्हणून नवव्या मजल्यावर बादल्यांत भात लावायचा आणि बाथरूममधून पाइप आणून पाणी सोडायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल गळायचा आणि दर आठवड्याला भांडण व्हायचं.

पण तात्यांची फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते की ही माघारी फिरणारी वाट नाही, जपून राहा. सायकल घेण्याच्या आदल्या वर्षी ते पायी निघाले आणि दुसऱ्या वळणावर बसले. निलेशने लोंब्या घेतल्या, डोंगराच्या रस्त्यावरचं गाड्यांना बंद असलेलं फाटक ओळखीने उघडून घेतलं, गाडीने वर जाऊन वाहिल्या आणि मोबाइलवर फोटो काढून आणला. तात्यांनी फोटो पाहिलाच नाही. "गारीतून गेलेला नवा आईनं घेतला नाय," एवढंच म्हणाले. मग कुठेतरी त्यांना ही सायकल दिसली. पाय फिरवले तरच हिची मोटार चालते, पाय थांबले की तीही थांबते. तात्यांनी पाड्यावरच्या भगताला, आईच्या पुजाऱ्याला, फोन करून विचारलं. तो म्हणाला, पाय फिरतात ना, मग पायीच. हे सांगताना त्यांना झाला तितका आनंद झालेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

सायकलच्या पडद्यावर एक ते पाच आकडे होते, मोटारने किती जोर लावायचा त्याचे. तात्या आकडा म्हणत नसत. तरुणपणी मिठागरावर काम करताना गाडा अडकला की मागून माणसं लावायचे, त्या सवयीने म्हणायचे, "आज एकच मानूस लावला," किंवा, "त्या वळनाला दोन मानसं लागली." आमच्या बाजूने पाड्यापर्यंत नऊ वळणं. होळीनंतर एका माणसावर ते पाचव्या वळणापर्यंत गेले. एप्रिलअखेर तीन माणसांवर आठव्यापर्यंत. नववं वळण त्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवलं. नवं हातात नसताना आईला तोंड दाखवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात फाटक बंद झालं, सायकल चार महिने हॉलमध्ये भिंतीला टेकून राहिली, आणि बाल्कनीत भात वाढत राहिला.

गणपती गेल्यावर फाटक उघडलं. पहिल्या रविवारी तीन माणसांवर तात्या चौथ्या वळणालाच थांबले. दुसऱ्या रविवारी चार माणसं लावली, तरी तिसऱ्यालाच. एका दगडावर बसून ते बराच वेळ तोंड उघडं ठेवून श्वास ओढत राहिले. त्यांचे ओठ निळसर पडलेले मला दिसत होते. जरा बोलता येऊ लागल्यावर म्हणाले, "मोटार गेली हिची. चार महिने उभी राहिली, आतून गंजली. निलेशला वाटतं मीच खलास झालो. तू बघ बाय चालवून, तुला समजंल."

मी चालवली. दोनवर ठेवली आणि सातव्या वळणापर्यंत कधी पोहोचले ते कळलंही नाही. मोटार ठणठणीत होती. उतरताना प्रत्येक वळणावर मी मनात वाक्य जुळवत होते. तात्या, मोटार चांगली आहे, आपण डॉक्टरांना दाखवू. वर्गात पोरांना नापास झालात हे मी बिनदिक्कत सांगते. खाली आले तर तात्या उठून उभे होते, गुडघ्यांवर हात ठेवून, नजर माझ्या तोंडावर.

"बोल. कमी झाली ना?"

"हो तात्या," मी म्हणाले. "थोडी ढिली वाटते."

ते असे हसले की मला क्षणभर बरं केल्यासारखं वाटलं. घरी जाऊन त्यांनी निलेशला माझ्यादेखत सुनावलं, "आता बोल! म्याडम खोटा बोलंल का?" निलेश मला जिन्यात गाठून म्हणाला, "थँक्यू हां ताई. मला वाटलेलं पप्पांचंच काहीतरी वाढलंय. टेन्शन आलेलं." त्याला तरी सांगायला हवं होतं. मी "हं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दुकानदाराने मोटार उघडून बघण्याची सोय इथे नाही म्हणून सायकल बाहेरगावी पाठवली. त्यात दोन आठवडे गेले. तात्या त्या काळात घराबाहेर पडेनात. सायकल आल्याशिवाय उगाच दम कशाला घालवू, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांची तारीखही पुढे ढकलली, कारण दोष सायकलचा असल्याचं आता सिद्ध झालं होतं. मग एका सकाळी आंघोळ करून आल्यावर त्यांना टॉवेल उचलवेना, आणि निलेशने ऑक्सिजनचं यंत्र आणलं. नाकात नळी घालून तात्या मला म्हणाले, "ही सायकलची बहीन. हिला पन प्लग लागतो. पन ही जाग्यावरच बसवते मना." बादल्यांतला भात तोवर पिवळा पडायला लागला होता.

पुनवेच्या तीन दिवस आधी सायकल परत आली. सोबत एक इंग्रजी चिठ्ठी होती. निलेश कामावर होता. तात्यांनी ती माझ्या हातात दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं की सायकल तपासली, मोटारमध्ये कोणताही दोष आढळला नाही. तात्या नळीसकट पुढे वाकले होते. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा किती सोपं जातं, हे मला त्या दिवशी समजलं.

"मोटार बदलली म्हणतात तात्या," मी वाचून दाखवलं. "नवी घातलीय."

"नवी?" ते म्हणाले. "मग आई हायेच पाठीशी."

पुनवेला सकाळी आम्ही तिघं निघालो. डॉक्टर नको म्हणाले होते, निलेश हात जोडून नको म्हणाला होता. तात्यांनी नळी काढून ठेवली, अंगात सणाची कोपरी घातली, डोक्याला हेल्मेट, आणि लोंब्यांची जुडी पांढऱ्या फडक्यात बांधून बास्केटमध्ये ठेवली. फाटकापाशी त्यांनी पाच माणसं लावली. निलेश मागून चालत, मी माझ्या सायकलवर बाजूने. पहिलं वळण ते बरे गेले. त्यांनी माझ्याकडे बघून मानही हलवली. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे त्यांचे पाय थांबले, आणि पाय थांबले म्हणून मोटारही थांबली. निलेशने त्यांना धरलं. मी माझी सायकल रस्त्यावर टाकून त्यांची पकडली.

त्यांनी श्वास ओढत मान वर केली. मग एकेक शब्द करत म्हणाले, "रस्ता तोच. मानसं पाच लावली. मोटार नवी." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "मग आता मीच रायलो ना, बाय?"

मी बास्केटमधलं फडकं सारखं करत राहिले. मोटार बिघडली असं मी सांगितलं नसतं तर मधले दोन आठवडे गेले नसते. निदान डॉक्टरांची तारीख चुकली नसती. आणि नवी घातली असं सांगितलं नसतं तर त्या वळणावर मोटारला दोन शिव्या घालून ते परत फिरले असते. मी त्यांच्याजवळ तेवढंही ठेवलं नव्हतं.

"पप्पा, मी जातो ना वर," निलेश म्हणाला. तो रडत होता. "चालत जातो. आत्ता जातो."

"मी जिता हाय तवर माजेच पाय," तात्या म्हणाले.

मी मूर्खासारखं विचारलं, "मी नेऊ का तात्या?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात गार होता. "तुजे पाय चांगले हायेत बाय. पन ते तुज्या घरचे."

निलेश खाली जाऊन गाडी घेऊन आला, माझी सायकल त्याने मागे टाकली. परत येताना तात्या गाडीत बसले, लोंब्या मांडीवर. त्यांची सायकल मी उतरवली. उताराला मोटार लागत नाही.

दिवाळीच्या आधी, सकाळी चहा पिताना जोमातात्या गेले. घरात वर्षभर सण नाही, त्यामुळे पुढच्या पुनवेलाही आईला काही जाणार नव्हतं. त्या लोंब्या निलेशने दाराच्या चौकटीला बांधल्या होत्या. दार उघडमीट झालं की चार दाणे आमच्या दोघांच्या दारांमध्ये पडायचे आणि साफसफाईवाली बाई ते झाडून न्यायची. बादल्या खालच्या बाईंच्या तक्रारीवरून निलेशने रिकाम्या केल्या. पुढच्या पेरणीला बी ठेवलं का, असं मी विचारलं नाही. त्या घरात ते करणारं कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात विकायला काढलेली सायकल बघायला नावड्याहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, नेमके प्रश्न विचारणारे. निलेशने मला बोलावलं, कारण ताईंना सायकलमधलं समजतं. खाली पार्किंगमध्ये निलेश बॅटरीची चावी शोधत होता आणि मी नेहमीसारखी हँडल धरून उभी होते. गृहस्थांनी टायर दाबून पाहिले, साखळी पाहिली, गंजक्या बास्केटकडे बघून नाक मुरडलं. मग मला विचारलं, "मोटारचं काही काम निघालेलं का?"

"नाही," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं. आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबवेना. "मोटार मूळचीच आहे. एक दिवसही बिघडली नव्हती."

निलेशचा चावीचा हात तसाच राहिला. "पण ताई," तो हळू म्हणाला, "तुमीच तर पप्पांना बोल्लेलात..."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला तिथून निघून जायचं होतं, पण सायकलला स्टँड नाही. हँडल सोडलं असतं तर ती पडली असती, म्हणून मी तशीच धरून उभी राहिले.