शेवटचं प्यादं

अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. त्याच्या जागी मी बसणार होते ना!

महायुद्धाची वर्षं होती. कोल्हापूरजवळच्या छावणीत पोलंडमधले निर्वासित राहायला आले होते आणि त्यांच्यातले तिघे निपाणीला बुद्धिबळाचा सामना खेळायला येणार होते. तीन पट, तीन डाव. आमच्याकडून पहिल्या पटावर आप्पा, म्हणजे माझे वडील, गावातले वकील. दुसऱ्यावर तंबाखूच्या वखारीतले कारकून आणि तिसऱ्यावर माझा थोरला भाऊ अण्णा. पण पत्र आलं की त्यांच्या तिसऱ्या पटावर एक बाई आहे. परक्या बाईसमोर पुरुषानं तासन् तास बसायचं कसं, म्हणून मंडळींच्या कपाळाला आठ्या. आप्पांनी अण्णाला उठवलं आणि मला बसवलं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि खेळ आम्हा दोघांना आप्पांनीच शिकवलेला. वर सगळ्यांदेखत म्हणाले, जिंकली तर बेळगावच्या सामन्यालाही हीच, हरली तर जागा अण्णाची. म्हणजे मी हरावं असं वाटणारा माणूस माझ्याच घरात जेवत होता.

सामना विलायती नियमांनी ठरला. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, पलीकडं पोचलं की कुठल्याही घरात वजीर होतं, सगळं आठवडाभर घोकलं. मला तोंडपाठ होतं.

वखारीतच पट मांडले होते. तंबाखूच्या खकाण्यानं पाहुणे शिंकून शिंकून बेजार. दुपारपर्यंत आप्पा हरले, कारकून जिंकले आणि सगळी वखार माझ्या पटाभोवती गोळा झाली. डाव माझ्या हातात होता. माझ्याकडं हत्ती आणि एक प्यादं, बाईकडं राजा आणि एकच प्यादं. हत्तीनं ते उचललं की संपलं.

मी उचललं नाही.

आमच्या देशी खेळात समोरच्याचं शेवटचं प्यादं मारायचं नसतं. राजा एकटा उरला की बुर्जी होते, डाव बरोबरीत सुटतो आणि जिंकत आलेल्याचं हसं होतं. ते प्यादं ठेवायचं आणि आपल्या प्याद्यानं मात करायची, त्यात खरा मान. लहानपणी मी एकदा असं प्यादं मारलं तर आप्पांनी पट उधळला होता. विलायती खेळात बुर्जी नसते हे पाठ होतं, पण हात जुन्या सवयीनं चालला.

मी माझं प्यादं पुढं सरकवलं. बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तिचं सरकवलं. पुन्हा माझं, पुन्हा तिचं. तिसऱ्या चालीला माझ्या ध्यानात आलं. तिचा राजा त्या प्याद्याला येऊन चिकटला होता आणि माझा हत्ती आता काही करू शकत नव्हता. प्याद्याचा वजीर झाला, मला शह बसला आणि पुढच्या चालीला हत्ती गेला. मी डाव सोडला.

बाई खुणेनं विचारत होती, का नाही मारलंस? आप्पा मात्र सगळ्यांसमोर कडाडले.

"डोळ्यासमोर हुतं. का मारलं न्हाईस?"

रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

मागून अण्णा म्हणाला, "आप्पा, तुमीच शिकवलंय."

जागा आता अण्णाची होती, त्यानं नुसतं गप्प राहायचं होतं.

"बेळगावला तीच बसू दे," तो म्हणाला. "तिची चूक करून झालीया. माझी अजून व्हायची हाय."

आप्पांनी पटाकडं बघितलं आणि होकाराची मान डोलावली. अण्णानं सोंगट्या पेटीत भरल्या, पेटी माझ्या हातात दिली.

"चल गं घरला," तो मला म्हणाला. "भूक लागलीया."