बोहनीच्या आधी लात

मुंबईला थरथर कापायला लावणारा डॉन अकोल्याच्या जुन्या शहरात एक पाय हवेत धरून उभा होता. समोर वांग्यांची टोपली. टोपलीमागे बेबीबाई. कॅमेरा सुरू. पाय टोपलीवर पडणार, एवढ्यात बेबीबाईनं हात आडवा केला.

"ओ भाऊ, पाय खाली घ्या. बोहनी नाई झाली आजून."

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि माझ्याकडे वळला. काही बिघडलं की सगळे माझ्याकडेच वळतात. माझं कामच ते आहे.

मी लाइन प्रोड्यूसर. बाहेरची कंपनी आपल्या गावात शूटिंगला आली की परवानग्या, गाड्या, जेवण, जनरेटर, गर्दी आणि गर्दीतली भांडणं हे सगळं एका माणसाच्या गळ्यात असतं. तो माणूस मी. राहतो अमरावतीला, राजापेठेत. सुरुवात लग्नात खुर्च्या पुरवण्यापासून केली. पुढे एका सिनेमावाल्याला खुर्च्या दिल्या, मग जनरेटर दिला, मग त्याच्या हिरोला मच्छरदाणी दिली. असं करत इथवर आलो. कोणाची चिठ्ठी नाही, कोणाचा मामा नाही.

आणि आजवर प्रत्येक कंपनीनं माझं नाव शेवटी टाकलं ते 'विशेष आभार' या यादीत. एकदा मी मंगल कार्यालय आणि एक आइस फॅक्टरी यांच्या मधे होतो. सगळं युनिट मी पोसलं, आणि आभार माझे आणि बर्फाचे सारखेच.

म्हणून या वेळी करारात लिहून घेतलं: सिंगल कार्ड. म्हणजे पडद्यावर त्या क्षणी दुसरं कोणाचंही नाव नाही. फक्त 'लाइन प्रोड्यूसर' आणि खाली मी. त्यांच्या वकिलानं बदल्यात एक अट घातली. 'लोकल डिले' झाला, म्हणजे गावाच्या कारणानं काम अडलं, तर सिंगल कार्ड रद्द. मी सही केली. अकोला मला नवीन नव्हतं. बेबीबाई नवीन होती.

मालिका मुंबईच्या रस्त्यावरच्या गुन्हेगारीची होती. ओटीटीवर अशा मालिका पुष्कळ. फुटपाथवरची पोरं, हप्ता, सुरे, आणि दर वाक्याला शिवी. मग ती अकोल्यात कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. दिग्दर्शक ईशान म्हणाला, "मुंबई आता मुंबईसारखी दिसत नाही. मला ग्रिट हवी."

ग्रिट म्हणजे काय ते मला नंतर कळलं. ग्रिट म्हणजे दुसऱ्याच्या दारातला कचरा.

ईशानचं आयुष्य एका मोठ्या सोसायटीच्या विसाव्या मजल्यावर गेलेलं. फुटपाथवर त्यानं आधी दोन मालिका केल्या होत्या आणि फुटपाथवर तो गाडीतून उतरण्यापुरता येत असे. मोर्णा नदीच्या पुलावरून त्यानं जुनं शहर पाहिलं, डोळ्यांसमोर दोन्ही हातांची चौकट धरली आणि म्हणाला, "परफेक्ट. इथे माणसं मरतात असं वाटतं." माझा ड्रायव्हर अकोल्याचा. त्यानं दिवसभर ईशानच्या गाडीचा एसी सुरू केला नाही.

पण गल्ली ग्रिट द्यायला तयार नव्हती. पहिल्या दिवशी आर्ट डिपार्टमेंटनं कचरा पसरला. आर्ट डिपार्टमेंट म्हणजे सेट आणि त्यावरच्या सगळ्या वस्तू सांभाळणारी टीम. कचराही तेच आणतात, पोत्यातून, फोटो जुळवून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गल्ली झाडलेली, सडा टाकलेला, दारोदार रांगोळ्या. कंटिन्युइटी गेली. कालच्या शॉटमधला कचरा आजच्या शॉटमध्ये नसेल तर प्रेक्षकाला वाटतं, डॉननं मधल्या वेळात झाडू मारला.

"यांना सांगा, झाडायचं नाही," ईशान म्हणाला.

मी सांगितलं. एका घरातून उत्तर आलं, "तुमच्या डायरेक्टरच्या दारात टाका न मंग. तिथं नाई झाडत कोणी."

शेवटी मी तोड काढली. रांगोळ्या राहू द्यायच्या, कचरा शॉटपुरता टाकायचा आणि शॉट झाला की आर्ट डिपार्टमेंटनंच झाडायचा. मुंबईची ती टीम मालिकेपेक्षा झाडण्यातच जास्त तरबेज होऊन गेली.

असा सगळा गाडा ओढत आम्ही त्या सकाळपर्यंत आलो होतो. सीन शेवटचा आणि सगळ्यांत मोठा. डॉन हप्ता मागतो, भाजीवाली हात जोडते, डॉन टोपली लाथेनं उडवतो, बाजार मान खाली घालतो. दुपारी डॉनला नागपूरहून विमान. तो गेला की सीन गेला, आणि सीन गेला की माझं कार्ड.

बेबीबाई त्याच गल्लीच्या तोंडाशी बसणारी. माळ्याच्या घरची, मळ्यातला माल स्वतः आणून विकणारी. मी आदल्या दिवशीच तिच्याशी बोलणी केली होती. मालाची भरपाई आधी दिली होती, वर अख्ख्या दिवसाच्या धंद्याचे पैसेही. तेही सहज नाही. "अमरावतीवाले तोंडानं गोड अन् हातानं आखडू," म्हणाली होती. मी तीन वेळा उठून गेलो, तिनं तीनही वेळा हाक मारली नाही, आणि मीच परत येऊन बसलो. मला असं परत बसायला लावणारी माणसं कमी आहेत.

आता मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"मावशी, काल बोलणं झालं होतं ना? पैसे दिले ना?"

"ते कालचे. कालच्या पैशानं आजची बोहनी होते का?"

बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती झाल्याशिवाय उधार नाही, परत नाही, आणि माल जमिनीवर तर नाहीच. हे मला माहीत होतं. शूटिंग सूर्य उगवल्या उगवल्या ठेवताना मी प्रकाशाचा विचार केला, तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा केला नाही.

"बरं, मी घेतो पावभर वांगी."

"तुमी कामवाले. तुमी गिऱ्हाईक नाई." तिनं डॉनकडे हनुवटी उडवली. "त्यानं घ्यावं. गिऱ्हाइकानं घेतलेला माल त्यानं फेकला, तर त्याचा माल फेकला. बिनबोहनीचा फेकला, तर माह्या धंद्याले लात मारली."

आजूबाजूच्या चार जणी माना हलवत होत्या. त्या आमच्याच ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे गर्दीतली माणसं. डॉन दिसला की घाबरायचं, एवढं त्यांना शिकवलं होतं.

ईशानला समजावलं. तो म्हणाला, "डॉन भाजी घेत नाही. माझा डॉन कधीच काही विकत घेत नाही."

"कॅमेरा बंद असताना घेऊ द्या."

"त्याची प्रोसेस तुटेल."

प्रोसेस म्हणजे भूमिकेत शिरणं. हा डॉन माणूस म्हणून अगदी गरीब. सकाळी ओट्स खायचा, सगळ्यांना 'जी' लावायचा, आणि बोकडाचा सीन होता त्या दिवशी बोकडाची माफी मागून आला होता. तो स्वतःच पुढे आला. "मी घेतो ना सर. किती झाले ताई?"

"साठ रुपये किलो."

त्यानं लगेच खिशातून पाचशेची नोट काढून दिली.

बेबीबाईनं नोट घेतली. उजेडाकडे धरली. उलटी केली. मग नोट तशीच धरून उठली आणि दुसऱ्या हातानं डॉनची कॉलर पकडली.

"डुप्लिकेट?"

नोट आर्ट डिपार्टमेंटची होती. शूटिंगमध्ये खऱ्या नोटा वापरत नाहीत, तशाच दिसणाऱ्या छापलेल्या असतात, त्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. डॉनच्या खिशात त्यांचीच गड्डी ठेवलेली. कपडेही भूमिकेचे, खिसेही भूमिकेचे. बिचाऱ्याला स्वतःचा खिसा नव्हताच.

"ताई, ही... ही माझी नाहीये."

"खिसा तुहा, हात तुहा, अन् नोट कोणाची? भाव न करता नोट काढली तवाच मले डाऊट आला. खऱ्या पैशाचा माणूस पाच रुपये तरी कमी करा म्हणते. चल ठाण्यात."

घाबरायला शिकवलेली सगळी गर्दी पुढे सरकली. हॉटेलातले लोक चहाचे कप हातात घेऊन आले. एकानं डॉनच्या गळ्यातली सोनसाखळी हलवून पाहिली आणि जाहीर केलं, "हेही नकली आहे." डॉन दोन्ही हात जोडून उभा. स्क्रिप्टमध्ये हात बेबीबाईनं जोडायचे होते.

कॅमेरामननं मात्र कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि तो शांतपणे शूट करत राहिला. त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

ईशाननं वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. "लोकल डिले. सगळ्यांनी नोट करा. लोकल डिले."

इथे माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं.

"काहून लोकल डिले?" रागात मी घरच्याच भाषेत बोलतो. "नोट तुमची, खिसा तुमचा, डॉन तुमचा. गावानं काय केलं? गावानं फक्त नोट पाहिली."

"ती बाई सीन थांबवून बसली आहे."

"ती बाई आता ठाण्यात जाऊन राहिली आहे. ठाणं त्या वळणावर. खोटी नोट चालवली म्हणून सांगेल. मग तुम्ही जा आणि समजावा की ही कला आहे."

ईशानचा चेहरा उतरला. पोलीस आणि गुंड यांच्याशिवाय दुसरा विषय नसलेला हा माणूस. त्याच्या दर भागात कोणी ना कोणी लॉकअपमध्ये उलटं टांगलेलं असतं. पण ठाण्याची पायरी त्यानं कधी चढली नव्हती. त्यानं हळूच विचारलं, "तिथे किती वेळ बसवतात?"

"ते त्यांच्या मूडवर."

बेबीबाईला मी तेव्हाच थांबवू शकलो असतो. नोटेवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली असती तर ती बसली असती. मी घाई केली नाही. आधी सौदा.

"वॉकीवर बोला," मी म्हणालो. "डिले आर्ट डिपार्टमेंटचा. लोकल नाही. मग मी मावशीशी बोलतो."

"तू मला ब्लॅकमेल करतोयस?"

"तुमच्या मालिकेत याला हप्ता म्हणतात. आमच्याकडे याला हिशोब सरळ करणं म्हणतात."

त्यानं वॉकीवर सांगितलं. सगळ्या युनिटनं ऐकलं. मी बेबीबाईकडे गेलो, नोट वाचून दाखवली. तिनं डॉनची कॉलर सोडली आणि ती कॉलर हातानं सरळही केली.

"आधी सांगता नाई येत? मंग आता बोहनी?"

डॉनकडे रोख नव्हतीच. त्याचा मोबाइल व्हॅनमधून आणवला. बेबीबाईच्या टोपलीला क्यूआर कोड बांधलेला होता, शेजारी पैसे आले की बोलणारा डबा. आता डॉन तिच्यासमोर खाली बसला आणि तिच्या धाकानं भाव करू लागला. "पन्नास लावा ना." "पंचावन." "ताई, प्लीज." "पंचावन म्हटलं न." पावभर वांगी घेतली. स्कॅन केलं. डबा मोठ्यानं बोलला की पैसे मिळाले. बेबीबाईनं त्या डब्याला दोन बोटं लावून ती डोळ्यांना लावली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हं. मार आता लात."

एका टेकमध्ये सीन झाला. टोपली उडाली, वांगी थेट रांगोळीत गेली आणि बेबीबाईनं असा हंबरडा फोडला की डॉन कॅमेऱ्याच्या बाहेर जाऊन विचारू लागला, कुठं लागलं का. तिला काही लागलं नव्हतं. ती वांगी गोळा करत होती. तासाभरात तीच वांगी तिनं 'शूटिंगची वांगी' म्हणून चढ्या भावानं संपवली.

मालिका आली. ईशाननं लाथेचा सीन कापला आणि खोट्या नोटेचा ठेवला. ट्रेलरमध्ये बेबीबाई डॉनची कॉलर धरून उभी आणि मागे घुमणारं संगीत. लोकांनी लिहिलं, एवढा खरा सीन पूर्वी पाहिला नव्हता. ईशाननं मुलाखतीत सांगितलं की हा प्रसंग त्यानं मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं भटकून उचलला. अकोल्याचं नाव त्यात नव्हतं. जुन्या शहराचा उल्लेख एकदा होता, 'सेट' असा.

माझं सिंगल कार्ड मात्र कराराप्रमाणे आलं. शेवटच्या यादीत, एकटं. घरात सगळ्यांना बोलावलं होतं, शेजारचेही होते, चिवडा केला होता. भाग संपला, काळा पडदा आला, आणि ॲपनं ती सगळी यादी आक्रसवून कोपऱ्यात ढकलली. बाकी पडद्यावर मोठं बटण: पुढचा भाग. मी रिमोट शोधेपर्यंत पुढच्या भागात एकाचा गळा कापून झाला होता.

"कुठं आलं नाव?" बायकोनं विचारलं.

"येऊन गेलं."

करारात सगळं होतं. एकटं यावं हे होतं, केवढ्या अक्षरात हे होतं. ते दिसावं, हे लिहायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बेबीबाईचा फोन. "काहून हो अमरावतीवाले, माहा चेहरा तं सगळ्या अकोल्यानं पाह्यला. तुमचं काय आलं?"

"ठेवतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आता माझ्या करारात एक अट जास्त असते. नाव सुरुवातीला, गोष्ट सुरू व्हायच्या आधी. मुंबईचे वकील विचारतात, आग्रह कशाचा. मी सांगतो, बोहनीचा. त्यांना कळत नाही. ज्यांना कळत नाही त्यांच्याकडून मी ॲडव्हान्स जास्त घेतो.