बारीक जाळी

तेरखेड्याला माझ्या मामांचा फटाक्यांचा छोटा कारखाना आहे. मागच्या वर्षी त्यांनी चाळणीची खोली नव्यानं बांधली. भुईनळ्यांची दारू चाळायला तिथं मामीच बसणार होत्या. दारूची धूळ कोंडून राहिली तर एक ठिणगी पुरते. म्हणून एका खिडकीतून शिरलेला वारा ती धूळ समोरच्या खिडकीतून बाहेर नेईल का, ते बघायला मामांनी मला सांगितलं. हवा-पाणी कसं वाहतं याचं कॉम्प्युटरवर गणित मांडणं हा माझा धंदाच. कंपनी पुण्याची, काम तेरखेड्याजवळच्या वाशीतल्या घरातून.

या गणितात खोलीतल्या हवेचे लाखो बारके तुकडे पाडतात. ऑफिसात त्याला मेश म्हणतात. मामांना समजावं म्हणून मी जाळी म्हणाले आणि वर स्वतःवरच खूश झाले.

पहिलं उत्तर फार गोड आलं. वारा सरळ येतो, सरळ जातो. गोड उत्तर दिसलं की माझं डोकं फिरतं. बघितलं तर खिडक्यांपाशी तुकडे वेडेवाकडे, ओढून ताणलेले. त्यात लॅपटॉपला झेपावं म्हणून मी आकडे मोजक्याच दशांशांपर्यंत धरले होते. हवेचा दाब लाखाच्या घरात आणि दोन खिडक्यांमधला फरक एकाहूनही कमी. एवढ्या मोठ्या आकड्याच्या शेपटाला तो चिमुकला फरक टिकतच नव्हता. असल्या उत्तरावर मी त्या खोलीत मांजरसुद्धा सोडलं नसतं.

मामांना फोन लावला. "मामा, जाळी अजून जाडीभरडी आहे. ती बारीक केल्याशिवाय आत कुणाला बसवू नका."

"बरं, बारीक करू," मामा म्हणाले. मी घाईत होते, फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी खिडक्यांपाशी बारीक तुकडे पाडले, दशांश दुप्पट केले आणि गणित पुन्हा चालवलं. दुपारी उत्तर आलं. आतल्या कोपऱ्यात हवा जागच्या जागी गिरक्या घेत होती. तिथली धूळ बाहेर पडणारच नव्हती.

मामांचा फोन वाजत राहिला. कारखान्यात मोबाईल नेत नाहीत, फाटकावरच्या पेटीत ठेवतात. मग घरी लावला. त्यांच्या सुनेनं उचलला; ती मामींना आत्या म्हणते.

"आत्या चाळायला गेल्यात की, ताई. तुमीच बारीक जाळी लावाया सांगितली नव्हं? सकाळीच मामांनी दोन्ही खिडक्यांना ठोकून घेतली. डास बी येत न्हाईत अशी."

आधीच मेलेली हवा, त्यावर तारेची जाळी. स्कूटर हायवेवर कशी चालवली मला आठवत नाही. तेरखेड्याच्या बाजूला धूर दिसतोय का, एवढंच बघत होते.

फाटकावर मामा उभे होते. मी तशीच आत घुसायला लागले तर त्यांनी हात आडवा धरला.

"आधी मोबाईल ठिव. चप्पल काढ. आन् पळू नको."

त्यांचा असा संताप आला की काय सांगू. पण बरोबर तेच होते. अनवाणी, एकेक पाऊल टाकत मी खोलीशी गेले. दार लोटलेलं होतं. हळूच ढकललं. जाळीतून आलेल्या उन्हात चंदेरी धूळ नुसती लटकली होती आणि कोपऱ्यात मामी चाळत होत्या.

"मामी, चाळणी हळूच खाली ठेवा," मी म्हणाले. "आपटू नका. उठा, बाहेर या."

त्या उठल्या. पदर सावरत, भिंतीला हात न लावता आल्या. बाहेर येईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी तोंड धुतलं, मी तांब्यानं पाणी घातलं.

"एवढी कामून घाबरलीस?" त्यांनी विचारलं. मी दोन्ही जाळ्यांचा घोळ सांगितला. मामा मान खाली घालून ऐकत होते. मामींनी पदरानं तोंड पुसलं.

"जुन्या खोलीत म्या दाराच्या तोंडाशीच बसायची," त्या म्हणाल्या. "भ्या वाटायचं ना. आज म्हणलं, पोरीनं बघितलंय, आता कशाचं भ्या? म्हणून आत सरकले, दार बी लोटून घेतलं."

माझ्या दोन्ही गणितांत ते दार उघडं होतं.