औषध नसलेल्या गोळ्या

दुकान नाही, काउंटर नाही, एक गोळीसुद्धा विकत नाही, आणि म्हणे फार्मासिस्ट! आसावरीबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेच म्हणालो होतो. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात, डॉक्टर नोव्हाकबाईंच्या दवाखान्यात ती बसते. खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची जागा. दार लावलं की पेशंटचे गुडघे टेबलाला टेकतात.

मूळची नागपूरची. इथल्या परीक्षा देऊन बरीच वर्षं एका बड्या औषधाच्या दुकानात, गाडीतूनच औषधं घ्यायच्या खिडकीशी उभी होती. कानाला फोन, समोर गाड्यांची रांग, आणि डबा खायचा तोही उभ्याउभ्याच. "काका, गोळ्या तर देऊन राहिली होती मी, पण माणूस घरी जाऊन त्यांचं काय करते, हे विचारायला फुरसतच नव्हती," ती सांगते. म्हणून ते सोडून ती या कोंदट खोलीत आली. आता दिवसभर हेच विचारते आणि कुणाच्या बापाला ऐकत नाही.

माझी वरात तिच्याकडे गेली, कारण माझं डोकं फिरलंय असं घरात एकमताने ठरलं होतं. मी मनोहर, जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, आणि एक दिवस देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंग धरून बसून राहिलो. घर कुठल्या बाजूला, आठवेना. घाबरलो, खोटं कशाला बोलू? मग नातीला, म्हणजे आन्याला, भलत्याच नावाने हाक मारली. झालं! मुलगा परीक्षित आला, गाडीच्या किल्ल्या खिशात घातल्या आणि आईशी कुजबुजायला लागला: घर विकू, विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या त्या चकाचक होममध्ये बाबांची सोय होईल. अरे गाढवा, बाबा बहिरे नाहीत!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवण्याआधी आसावरीला औषधं दाखवा. घरातली सगळी, पिशवीत घालून.

मी पिशवी नेली. सोबत बायको, रत्ना. आसावरीने एकेक बाटली बघितली, लेबल वाचलं, बाजूला ठेवली. सगळी दवाखान्याचीच. मग चष्मा वर सारून म्हणाली, "हे झालं औषध. आता जे औषध नाही ते सांगा."

"म्हणजे?"

"जेवण झाल्यावर काकू तुमच्या हातावर काय ठेवतात?"

"बडीशेप," मी म्हणालो. "आणि सर्दीची गोळी."

आता आमच्या मराठी मंडळींचं एक आहे. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत चितळ्यांची बाकरवडी आणि गोळ्यांच्या पट्ट्या असायच्याच. रत्नाकडे त्या गोळ्यांचा एक स्टीलचा डबा आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी शिंकलं की ही पर्स उघडते. मला इथल्या हवेची कायमची सर्दी, म्हणून रोज जेवल्यावर एक. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, आणखी काही घेता का? मी छातीठोक सांगितलं, नाही. बडीशेप कुणी सांगतं का?

"रोज?" आसावरीने विचारलं.

"अगदी साधी गं ती," रत्ना म्हणाली. "झोपही छान लागते ह्यांना."

"आणि ही लघवीची गोळी कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि विसरायला कधी लागले?"

"त्यानंतरच गं," रत्ना म्हणाली. आसावरी तडक उठली, समोरच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंना घेऊन आली आणि आमच्यासमोर बोलली. सर्दीची गोळी नाक सुकवते, दुसरी लघवी आवरते, आणि या वयात दोघी मिळून डोक्यावर झापड आणतात. "खात्री नाही देत मी, काका. पण आधी हे काढून पाहू. किल्ल्यांचं नि घराचं नंतर." सर्दीची बंद, लघवीची बदलली.

"म्हणजे मीच..." रत्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच ह्यांना रोज..."

"काकू, माझी आई इकडे येते तेव्हा बॅगेत साड्या कमी नि गोळ्या जास्त असतात," आसावरी म्हणाली. "रडू नका बाप्पा. तो डबा तेवढा मला आणून दाखवा."

पुढचे काही आठवडे मी नाक पुसत आणि रत्ना डोळे पुसत काढले. हळूहळू झापड उतरली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली, तीत मी पास झालो आणि त्यांना उलट ब्रेकवर लेक्चर दिलं. परीक्षितने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग मला घट्ट मिठी मारली. घराचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवत तो डबा आसावरीला नेऊन दिला. तिने त्यातलं जवळजवळ सगळं ठेवून घेतलं, आणि एवढा साठा बघून आम्हाला झापलंही.

रत्नाचा हात मात्र अजून जेवणानंतर डबा असायचा त्या फळीकडे जातो. रिकामाच परत येतो. मग ती माझ्या हातावर नुसती बडीशेप ठेवते आणि रोज विचारते, "दुपारी भाजी कोणती होती?"

"दुधी," काल मी म्हणालो. "परवाही दुधी. त्याआधी पडवळ, तेही करपलेलं."

ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला.

"उद्या भरली वांगी करते," ती म्हणाली. "पण लक्षात ठेवायची हं."