हिरवी खूण आणि कोरी लेबलं

रुग्णालयाच्या औषधभांडारात तिला सगळे खात्रीमावशी म्हणत, तेही तोंडावर. घरी नवरा "गॅस बंद केलाय गं" म्हणाला, की ही उठून बटण चाचपून यायची. "आता बटणालाच विचार," असं तो बिचारा लग्नापासून म्हणत आला होता.

कामही स्वभावाला साजेसंच मिळालं होतं. वॉर्डातून औषधाची मागणी आली, की संगणक आपोआप लेबल छापायला पाठवायचा. त्यावर रुग्णाचं नाव, औषध आणि ते किती वेळा द्यायचं, एवढा मजकूर. पडद्यावर हिरवी खूण उमटली, की लेबल छापून झालं असं समजायचं. मावशी कसली समजतेय! "खूण आली हो, पण लेबल कुठंय?" म्हणत ती प्रिंटरपाशी जायची आणि एकेक लेबल हातात घेऊन पडद्याशी ताडून बघायची.

आता तिची ही खुर्चीच जाणार होती. "मावशी, छपाई झाल्याची खात्री सॉफ्टवेअर स्वतःच देतं," भांडाराचे साहेब म्हणाले होते. "हा महिनाभर ते चुकलं नाही, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही पॅकिंगला या." पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्यानं खोकी बांधायची, आणि मावशीचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. त्या दिवसापासून ती पडद्याकडे सवतीकडे बघावं तशी बघू लागली. मेलं कधीतरी चुकेल, या आशेवर तिनं महिना काढला. ते काही चुकेना.

महिना संपत आला असताना एका सकाळी प्रिंटरच्या तोंडाशी लेबलांची लांबलचक पट्टी लोंबत होती. मावशीनं उचलली आणि तिचे डोळेच विस्फारले. सगळी लेबलं कोरी! एक अक्षर नाही. आणि पडद्यावर बघावं तर ओळीनं हिरव्या खुणा.

तिला आनंदानं काही सुचेना. तिनं लगेच साहेबांना फोन लावला. "साहेब, या जरा. तुमच्या लाडक्याचे प्रताप बघा."

ते येईपर्यंत बघावं तरी, म्हणून तिनं प्रिंटरचं झाकण उघडलं. शाईची रिबन उलटी होती. काळी शाई लेबलाकडे हवी, ती वरच्या बाजूला आली होती. नव्या कंपनीचं रीळ उलट्या बाजूनं गुंडाळलेलं होतं आणि तिनं ते सकाळी जुन्या सवयीनं बसवलं होतं. रिबनला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. जगावर संशय घेणाऱ्या या बाईनं स्वतःच्या हातावर मात्र कधी संशय घेतला नव्हता.

साहेब आले. पट्टी उलटीसुलटी करून म्हणाले, "खरंच की! मावशी, तुमचं म्हणणं बरोबर निघालं. वर कळवतो मी. तुमची जागा राहू दे."

गप्प बसली असती तर संपलं होतं. पण साहेबांनी न तपासताच मानलेली गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. "साहेब," ती म्हणाली, "रिबन माझ्याच हातून उलटी लागलीय. पण कोऱ्या लेबलांना त्यानं हिरवी खूण दिलीच ना?"

"दिली," साहेब सावकाश म्हणाले. "म्हणून तर विचारतो. इतकी वर्षं रिबन तुम्हीच लावता. ती उलटी लागायला नेमका हाच महिना सापडला?"

"चुकून झालं हो."

"कशावरून?"

तिला साहेबांचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कारण त्यांच्या जागी ती असती, तर तिनंही हेच विचारलं असतं, आणि उत्तर काहीही मिळालं तरी विश्वास ठेवला नसता.